युरानच्या जागी काय बसवणार? संरक्षण मंत्रालय, नौदल मुख्यालय आणि डीआरडीओला खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, मा. नौदलप्रमुख आणि मा. अध्यक्ष, डीआरडीओ
नवी दिल्ली

सन्माननीय महोदय,

३० नोव्हेंबर २०२३ ला डिफेन्स ॲक्विझिशन कौन्सिलने, म्हणजे संरक्षण खरेदीला मंजुरी देणाऱ्या परिषदेने, एकाच बैठकीत २.२३ लाख कोटींच्या प्रस्तावांना तत्त्वतः मंजुरी दिली, त्यात ९७ तेजस लढाऊ विमानं होती, १५६ प्रचंड हेलिकॉप्टरं होती आणि दिवसभर सगळ्या चॅनेलवर तेच चाललं होतं. त्याच प्रेसनोटमध्ये खाली नौदलाच्या जहाजांसाठी मध्यम पल्ल्याच्या जहाजविरोधी मिसाईलबद्दल दोन ओळी होत्या. वजनाला हलकं असेल आणि नौदलाच्या वेगवेगळ्या जहाजांवर हल्ल्याचं मुख्य शस्त्र तेच असेल, एवढंच लिहिलेलं. त्यावर कुठं चर्चा झालेली मला दिसली नाही. मी मात्र त्या ओळी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवल्यात, कारण आपल्या जहाजांवरचं युरान हे रशियन जहाजविरोधी मिसाईल आता म्हातारं होतंय, आणि त्याच्या जागी काय येणार हे विचारायला हे पत्र लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. माझे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, लायन गेटमधून सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर असं त्यांचं आख्खं आयुष्य गेलं. आमचं बालपण कांजूरमार्गच्या क्वार्टर्समध्ये आणि मे महिना देवगडला, काकांची मासेमारीची होडी होती. आता माझं अंबरनाथ एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, चौदा माणसं आहेत, आम्ही इतर कामांबरोबर डिफेन्सचे पण पार्ट करतो, म्हणजे मोठ्या कंपनीला जी कंपनी माल देते तिला आम्ही माल देतो, इतके आम्ही खालच्या पायरीवर आहोत. मी नौदलात नव्हतो, माझ्याकडे कुठलीही गुप्त माहिती नाही. जे लिहितोय ते सगळं उघड छापून आलेलं आहे आणि थोडं माझ्या धंद्यातलं आहे.

जहाजविरोधी मिसाईल हा विषय मुंबईकराला परका नाही. डिसेंबर १९७१ मध्ये निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या मिसाईल बोटी, सोबत किल्तान आणि कच्छल या युद्धनौका, कराचीवर गेल्या आणि ४ तारखेच्या रात्री खैबर ही विनाशिका, मुहाफिज हा माइनस्वीपर, म्हणजे समुद्री सुरुंग काढणारं जहाज, आणि दारूगोळा घेऊन येणारं व्हीनस चॅलेंजर बुडवून परत आल्या. त्याच दिवसाचा आपण नौदल दिन करतो. त्या बोटी रशियातून आल्या तेव्हा मुंबईत उतरवायची सोय नव्हती, कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून समुद्रातून ओढत मुंबईला आणल्या. बोट २०० टनांच्या आसपासची, तिच्यावर टर्मिट मिसाईल चार. त्याच जातीच्या मिसाईलने चार वर्षं आधी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, इजिप्तच्या लहानशा बोटींनी पोर्ट सैदजवळ इस्रायलची आयलात ही विनाशिका बुडवली होती. लहान बोट मोठ्या जहाजाला बुडवू शकते हे जगाला तेव्हा कळलं आणि ते आपण कराचीत सगळ्यात चांगलं करून दाखवलं. त्या मिसाईल बोटींच्या ताफ्याला, ज्याला किलर स्क्वाड्रन म्हणतात, डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते प्रेसिडेंट्स स्टँडर्ड हा मानाचा ध्वज मिळाला तेव्हा वडील असते तर टीव्हीसमोरून हलले नसते.

ते टर्मिट म्हणजे काय प्रकरण होतं तेही सांगायला हवं. त्याला द्रवरूप इंधन लागायचं, इंधन वेगळं भरायचं आणि ते जाळायला लागणारं ऑक्सिडायझर म्हणून नायट्रिक ॲसिड वेगळं, दोन्ही विषारी, भरणारी माणसं अंगभर सूट घालून काम करायची. नंतर नव्वदच्या दशकात युरान आलं, म्हणजे रशियाचं ख-३५ई. बंद कॅनिस्टरमध्ये, म्हणजे नळकांड्यात, येतं, सुरुवातीला घन इंधनाचा बूस्टर आणि पुढं छोटं जेट इंजिन, पल्ला १३० किलोमीटर, वॉरहेड म्हणजे स्फोटकाचा भाग १४५ किलो, वजन सहाशे किलोच्या आसपास. रशियाच्या स्वतःच्या नौदलात ते २००३ साली दाखल झालं, आपल्याकडे त्याच्या आधी. दिल्ली वर्गाच्या विनाशिकांवर सोळा, ब्रह्मपुत्र वर्गावर सोळा, कोरा वर्गाच्या कॉर्व्हेटवर, म्हणजे छोट्या युद्धनौकांवर, सोळा, प्रबळ आणि प्रलय या मिसाईल बोटींवरही सोळा-सोळा. प्रलय तर गोव्यात बांधलेली. वीस-पंचवीस वर्षं आपल्या मधल्या आणि लहान जहाजांचा जो काही दरारा होता तो या मिसाईलमुळे होता.

युरान निकामी झालंय असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अरबी समुद्रात आयएनएस प्रबळने आणि आठवड्याभरात बंगालच्या उपसागरात आयएनएस कोराने मिसाईल डागलं, दोन्ही वेळा जुन्या जहाजाचं लक्ष्य अचूक लागलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. आणि एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाचं मॉस्क्वा हे क्रूझर ज्या नेपच्यून मिसाईलने बुडालं ते युक्रेनने याच ख-३५ वरून तयार केलेलं आहे. म्हणजे मूळ डिझाइन अजून दमदार आहे. पण मिसाईल हे लोखंडी तोफेसारखं नसतं की तेलपाणी केलं की चालतंय. घन इंधनाला वर्षांनी बारीक चिरा जातात, रबरी सील कडक होतात, आतली एकदाच वापरायची बॅटरी म्हातारी होते, स्फोटक कॅप्सना मुदत असते, आणि सीकरमधली, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या भागातली, जी इलेक्ट्रॉनिक्स आहेत तसले चिप्स आता जगात कुणी बनवत नाही. शिवाय पंचवीस वर्षांपूर्वीचा रडार सीकर कसा फसवायचा हे समोरच्याला तोंडपाठ झालेलं असतं. कोठारात मोजणीला मिसाईल शंभर दिसतात, पण खऱ्या लढाईत त्यातली किती भरवशाची हा हिशोब वेगळा असतो.

आता पर्याय काय आहेत ते बघू.

पहिलं उत्तर सगळे देतात ते ब्राह्मोस. मला ब्राह्मोसचा अभिमान आहे, त्याच्या एअरफ्रेमचे भाग विक्रोळीत गोदरेजमध्ये बनतात, आमच्या ट्रेनमधले लोक तिथं कामाला जातात. १२ जून २००१ ला पहिली चाचणी झाली, आवाजाच्या २.८ पट वेग, फिलिपाइन्सने २०२२ मध्ये ३७.५ कोटी डॉलरचा करार करून विकत घेतलं आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली पण. तुम्ही १ मार्च २०२४ ला ब्राह्मोस मिसाईलसाठी १९,५१८ कोटींचा करार केलात तो बरोबरच होता. मोठ्या जहाजांना ते हवंच. पण त्याचं वजन तीन टन आहे हो. आयएनएस दिल्लीवर सोळा युरान होते, अपग्रेडमध्ये ते काढून आठ ब्राह्मोस बसवले आणि एप्रिल २०२२ मध्ये तिथून फायरिंग झालं, उत्तम झालं, साडेसहा हजार टनांच्या जहाजाला ते झेपतं. पण तेराशे-चौदाशे टनांच्या कोरा वर्गाच्या कॉर्व्हेटवर काय करणार? किती बसवणार, डेकखाली किती मजबुती घालणार, वरच्या वजनाने जहाज समुद्रात किती डोलणार? आणि समजा बसवलेच, तर समोर दोन-तीनशे टनांची मिसाईल बोट किंवा साधं सप्लाय जहाज आलं की त्यावर ब्राह्मोस टाकायचं? ब्राह्मोस कराचीसारख्या मोठ्या कामाला राखून ठेवायला हवं, ते लहानसहान लक्ष्यांवर संपवून बसलो तर दुसऱ्या आठवड्यात काय करणार. ब्राह्मोस एनजी येतंय, दीड टनाच्या आसपासचं, ते चांगलं आहे, तरी ते युरानच्या दुपटीहून जड आहे आणि मुळात विमानांसाठी त्याची जास्त गरज आहे.

दुसरं, रशियाकडूनच युरानचं नवं रूप, ख-३५यू घ्यायचं, पल्ला २६० किलोमीटर. लाँचर तोच, वायरिंग जवळपास तेच, माणसांना सवय आहे, म्हणून हा मोह मोठा आहे. पण रशिया फेब्रुवारी २०२२ पासून स्वतःच्या युद्धात आहे, त्यांचे कारखाने आधी त्यांना माल देणार, आपण रांगेत. पेमेंट कुठल्या बँकेतून कसं करायचं हीच एक वेगळी लढाई होऊन बसलीय. आणि समजा आले, तरी वीस वर्षांनी परत हेच पत्र कुणीतरी लिहीत बसेल.

तिसरं म्हणजे पाश्चात्त्य माल. नॉर्वेचं नेव्हल स्ट्राइक मिसाईल, म्हणजे एनएसएम, खरंच सुंदर आहे, चारशे किलोच्या आसपास वजन, १८५ किलोमीटरच्या पुढं पल्ला, रडार न लावता उष्णतेच्या प्रतिमेवरून जहाज ओळखतं. फ्रान्सचं एक्झोसेट आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर आहेच, अमेरिकेचं हार्पून पी-८आय विमानांवर आहे. पण यातलं कुठलंही आपल्या जहाजाच्या कॉम्बॅट सिस्टीमला जोडायचं तर दर वेळी बाहेरची कंपनी, दर वेळी परवानगी, दर वेळी वेगळे पैसे. तुमच्याकडे आजच युरान, क्लब, ब्राह्मोस, एक्झोसेट, हार्पून असे प्रकार आहेत, प्रत्येकाचं टेस्ट इक्विपमेंट वेगळं, सुटे भाग वेगळे, ट्रेनिंग वेगळं. त्यात अजून एक आणला तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल.

आणि परक्या मालाची खरी किंमत युद्धात कळते. १९८२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या लढाईत अर्जेंटिनाकडे विमानातून डागायची एक्झोसेट फक्त पाच होती. त्यातल्या एकाने ४ मे ला एचएमएस शेफील्डला आग लावली, २५ मे ला ॲटलांटिक कन्व्हेयर गेलं. फ्रान्सने पुढचा पुरवठा थांबवला, सहावं मिळालं नाही. वैमानिक होते, विमानं होती, लक्ष्यं समोर होती, मिसाईल नव्हती. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होतो आणि आजही ऑर्डर बुक उघडताना मला तो आठवतो.

ब्रिटनची नंतरची हकीगत तर थेट आपल्याच विषयाची आहे. त्यांच्या नौदलाचं हार्पून २०१८ ला निवृत्त होणार होतं, बदली काही तयार नव्हती म्हणून मुदत वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ओढलं. मधल्या काळासाठी दुसरं मिसाईल घ्यायची स्पर्धा काढली, ती रद्द केली, मग परत मन बदललं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अकरा जहाजांसाठी नॉर्वेचं एनएसएम घ्यायचं ठरवलं. एवढं जुनं, एवढं श्रीमंत नौदल, पण मिसाईल म्हातारी होणार हे तारीखवार माहीत असून वेळेत ठरवलं नाही म्हणून त्यांच्या काही फ्रिगेट आणि विनाशिका दुसऱ्या जहाजावर मारा करायच्या मिसाईलशिवाय फिरल्या. आपल्याकडे हे होऊ देऊ नका. ब्रिटनच्या शेजारी कुणी शत्रू नांगर टाकून बसलेला नाही. आपल्या बाजूला पाकिस्तानने चीनकडून ०५४ए/पी जातीच्या चार फ्रिगेट घेतल्यात आणि आठ हँगोर पाणबुड्यांची ऑर्डर दिलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. युरानची जागा हलक्या, स्वस्त, आवाजाच्या वेगाखालच्या स्वदेशी मिसाईलने घ्यायची, ते संख्येने भरपूर हवं, आणि त्याची ऑर्डर दरवर्षी ठरलेल्या आकड्यात हवी. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

वेगाबद्दल लोक लगेच बोलतात की सबसॉनिक म्हणजे जुनाट, आज हायपरसॉनिकचा, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगाचा, जमाना आहे. १६ नोव्हेंबर २०२४ ला डीआरडीओने १,५०० किलोमीटरपेक्षा जास्त पल्ल्याच्या हायपरसॉनिक मिसाईलची चाचणी केली, मलाही छाती फुगवून पोरांना व्हिडिओ दाखवावासा वाटला, दाखवला. पण साधा हिशोब करू. पृथ्वी गोल आहे, जहाजाचं रडार २५ मीटरवर असलं आणि मिसाईल पाण्यापासून ५ मीटरवरून येत असलं तर ते ३० किलोमीटरच्या आसपास आल्यावरच दिसतं. ताशी हजार किलोमीटरच्या जवळपास वेग धरला तरी समोरच्याला दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळतो. एकच असेल तर तो पाडेल. चार दिशांनी आठ आले तर? एका ब्राह्मोसच्या वजनात असली चार-पाच बसतात. दोन ब्राह्मोस आणि सहा हलकी एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी आली तर समोरचा कॅप्टन कशाकडे बघणार. जड मिसाईलला हलक्याची साथ हवी, एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची गोष्टच नाहीय ही.

आणि आपण शून्यातून सुरुवात करत नाही आहोत, हे लोकांना कळतच नाही. सी किंग हेलिकॉप्टरवरच्या जुन्या ब्रिटिश सी ईगल मिसाईलची जागा घ्यायला डीआरडीओने नॅझम-एसआर हे कमी पल्ल्याचं जहाजविरोधी मिसाईल बनवलं, १८ मे २०२२ ला चांदीपूरला पहिली चाचणी झाली. २५ फेब्रुवारी २०२५ ची चाचणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. मिसाईल फक्त दिशा देऊन सोडलं, उडाल्यावर त्याने स्वतः लक्ष्य शोधलं, आधी मोठं लक्ष्य धरलं, आणि शेवटच्या टप्प्यात हेलिकॉप्टरमधल्या पायलटने दुतर्फा डेटालिंकवरून, म्हणजे मिसाईलशी असलेल्या रेडिओ संपर्कावरून, चित्र बघून त्याला मोठं सोडून जवळचं लपलेलं लहान लक्ष्य निवडून दिलं आणि ते तिथं जाऊन आदळलं. सीकर आपला, डेटालिंक आपली, आणि ते बनवण्यात पुण्याच्या सुतारवाडीतल्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा पण हात आहे.

या चाचणीवर मी एवढा का अडलोय ते सांगतो. आमचे काका होडी घेऊन जायचे तेव्हा वायरलेस पण नव्हता. आज देवगड, मालवण, रत्नागिरी, हर्णै, पलीकडे गुजरातचं वेरावळ, एकेका रात्री किती होड्या आणि ट्रॉलर समुद्रात असतात ते वरून बघा, दिव्यांची गावं वाटतात. त्यातूनच मुंबई आणि मुंद्र्याची मोठी जहाजं जातात, आखाताचे टँकर जातात. युद्ध झालं तर हे सगळे काही एका रात्रीत घरी येणार नाहीत. जुना रडार सीकर चालू झाला की समोर जो मोठा ठिपका दिसेल तो धरणार, त्याला झेंडा वाचता येत नाही. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या विनाश बोटीने कराचीवर दुसरा हल्ला केला, तेलाच्या टाक्या पेटल्या, पराक्रम मोठाच होता, पण त्याच रात्री पनामाचं गल्फ स्टार बुडालं आणि ब्रिटनच्या हारमॅटन जहाजाचं जबर नुकसान झालं, ती दोन्ही परकी व्यापारी जहाजं होती. त्यात दोष कुणाचा नव्हता, तेव्हाच्या मिसाईलला तेवढंच कळत होतं. आता कळणारं मिसाईल आपण बनवू शकतो, तर जहाजावर बसणाऱ्या नव्या मिसाईलमध्ये प्रतिमा बघणारा सीकर आणि शेवटपर्यंत माणसाला निवडू देणारी डेटालिंक ही अट म्हणून घाला, ऐच्छिक म्हणून नको.

२६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरवर येमेनच्या हौथी बंडखोरांचं मिसाईल पडलं तेव्हा त्यावर २२ भारतीय खलाशी होते, आयएनएस विशाखापट्टणमची अग्निशमन टीम जाऊन आग विझवून आली. कोकणातल्या किती घरात माणूस मर्चंट नेव्हीत आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. असल्या मिसाईलच्या समोर कोण असतं हे आम्हाला घरात बसून कळतं, म्हणून ओळख पटवण्याबद्दल एवढं लिहिलं.

अडचण इंजिनाची आहे, हे मान्य. नॅझम-एसआर घन इंधनावर चालतं, म्हणून त्याचा पल्ला पन्नास-पंचावन्न किलोमीटर, हेलिकॉप्टरला पुरतो. जहाजावरून दोन-अडीचशे किलोमीटर मारायचं तर छोटं जेट इंजिन लागतं. बेंगळुरूच्या जीटीआरई या डीआरडीओच्या इंजिन प्रयोगशाळेने माणिक हे छोटं टर्बोफॅन जेट इंजिन बनवलंय, ते मोठ्या क्रूझ मिसाईलसाठी आहे. जहाजविरोधी मिसाईलसाठी त्याहून लहान आणि स्वस्त इंजिन हवं, आणि ते एकदाच चालणार आहे, अर्धा तास चाललं तरी खूप, त्यामुळे त्याला विमानाच्या इंजिनासारखं हजारो तासांचं आयुष्य द्यायची गरज नाही. हे काम खाजगी कंपन्यांना मोकळं करा, दोन-तीन जणांना एकदम पैसे द्या, ज्याचं आधी चालेल त्याला पुढं न्या. एका लॅबच्या एका इंजिनावर सगळं अडवून ठेवू नका.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मोठ्या कामाचे छोटे पार्ट आले. मटेरियल महाग, टॉलरन्स मायक्रॉनमध्ये, पहिल्या तीन महिन्यांत निम्मा माल रिजेक्ट झाला. मग आमच्या एका पोराचा हात बसला, अगदी आवाजावरून सांगायचा की टूल बदलायला झालंय. रिजेक्शन जवळपास थांबलं. ऑर्डर पूर्ण झाली आणि पुढची दोन वर्षं काहीच नाही. मी त्याला किती दिवस बसवून पगार देणार? तो मोबाईलच्या कंपनीत गेला, आज तिथं सुपरवायझर आहे, त्याचं बरं झालं. दोन वर्षांनी तेच काम परत आलं तेव्हा आम्ही परत पहिल्या दिवसापासून रिजेक्शन मोजत होतो. कुणाला दोष देत नाही, वरच्यालाही वरून ऑर्डर नव्हती. पण देशाची मिसाईल बनवायची ताकद म्हणजे मोठ्या हॉलमधली रोषणाई आणि फीत कापणं नाही, ती त्या पोराच्या कानात होती आणि ती आपण जाऊ दिली.

तेव्हा एकदम पाचशेची ऑर्डर आणि मग सात वर्षं शांतता, असं नको. दरवर्षी साठ घ्या, सत्तर घ्या, आकडा तुम्हाला जास्त कळतो, पण दहा वर्षांचा करार करा आणि दरवर्षी तेवढी उचला. पहिल्या खेपेत काही उणीव असेल, असू दे, तिसऱ्या खेपेत सुधारेल. ट्रायल चालू असतानाच लाइन उभी राहू दे. आणि दरवर्षी त्यातली चार-सहा खरोखर डागा, तीही डिकॉय (खोटी लक्ष्यं) आणि जॅमिंग (रडार गोंधळवणं) चालू असताना, उभ्या लक्ष्यावर नुसत्या फिल्मसाठी नको. जुन्या खेपेतलं एक आणि नव्यातलं एक असं डागलं की कोठारातला माल किती म्हातारा झालाय हेही कळत जाईल.

मधल्या वर्षांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणार. माझ्या मते जे युरान आहेत त्यांचीच मुदत वाढवा, बॅटरी, सील, बूस्टर, पायरो कॅप हे भाग इथं बनवायला घ्या, जमेल तिथं सीकर बदला, आणि तेवढ्यावर चालवा. नवीन परदेशी मिसाईल तात्पुरतं म्हणून आणू नका. तात्पुरतं आलेलं कायमचं बसतं आणि स्वदेशीचे पैसे खातं, आम्ही छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हे वेगवेगळ्या कामांत बघितलंय.

बसवायचं कुठं याचाही विचार मोठा करा. मार्च २०२३ मध्ये तुम्ही कोचीन शिपयार्डला सहा नव्या मिसाईल व्हेसलची ऑर्डर दिलीत, ९,८०५ कोटींची, त्यांच्यावर ब्राह्मोस येतील, ठीक. पण त्याच महिन्यात अकरा नवी गस्ती जहाजं पण मागवलीत, सात गोवा शिपयार्डला, चार कोलकात्याच्या जीआरएसई शिपयार्डला. त्यांच्या डेकवर चार हलक्या कॅनिस्टरची जागा, वजनाचा हिशोब आणि केबलची नळी आत्ताच ठेवा, मिसाईल नंतर येऊ दे. कामोर्ता वर्गाच्या चार कॉर्व्हेट पाणबुडी शोधायला उत्तम आहेत, पण समोरून जहाज आलं तर त्यांच्याकडे दूर मारायला मिसाईल नाही. १९७१ मध्ये आपली ताकद लहान बोटींवर होती. ती परत लहान जहाजांवर पसरवायची असेल तर मिसाईलच हलकं हवं, दुसरा रस्ता नाही.

लक्ष्य शोधायचं कुणी हा भाग मी थोडक्यात सोडतो कारण तिथं काम चांगलं चाललंय, जहाजाच्या रडारला दुसरं जहाज ३५-४० किलोमीटरपलीकडे दिसत नाही त्यामुळे पल्ला कितीही असला तरी वरून कुणीतरी सांगावं लागतं, त्यासाठी पी-८आय आहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नौदलासाठीचा सीएमएस-०३ उपग्रह इस्रोने वर सोडला. फक्त एवढीच विनंती की नव्या मिसाईलची डेटालिंक या सगळ्यांशी पहिल्या दिवसापासून बोलली पाहिजे, नंतर जोडू असं नको.

माझी मागणी तीन प्रश्नांच्या उत्तरांची आहे, गुप्त काही नको. ३० नोव्हेंबर २०२३ च्या त्या दोन ओळींचा करार कुठल्या वर्षी होणार? दरवर्षी किती मिसाईलचा आकडा धरलाय? आणि इंजिन कोण बनवणार? एवढं संसदेत एका उत्तरात सांगितलंत तरी अंबरनाथ, भोसरी, नाशिक, बेळगाव, हैदराबाद, कोइमतूर, सगळीकडचे आमच्यासारखे लोक कुठलं मशीन घ्यायचं आणि कुठल्या पोराला थांबवून ठेवायचं हे ठरवू शकतील. माझ्याकडे सध्या एक मुलगी ट्रेनिंगला आहे, आयटीआय करून आलीय, पाचव्या महिन्यातच पाच अक्षांच्या मशीनवर तिचा हात बसायला लागलाय. पुढच्या मार्चपर्यंत मी तिला नक्की ठेवू शकतो.

आपला विश्वासू,
डॉकयार्डातल्या एका फिटरचा मुलगा
अंबरनाथ, जिल्हा ठाणे